डॉक्टरबाई, काय खाऊ?

पुरुषांच्या लैंगिक तक्रारींबद्दल मोकळेपणाने लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आली, आणि जवळपास प्रत्येकात फिरून फिरून हाच प्रश्न: काय खाल्लं म्हणजे फरक पडेल? व्यायामाबद्दल विचारणारे त्या मानाने कमी आणि झोपेबद्दल तर कुणीच विचारलेलं नाही. नाव छापू नका अशी सगळ्यांची विनंती आहे, म्हणून फक्त वय ठेवलंय. एकसारख्या पत्रांचं एक केलंय. उत्तरं कुणीही वाचावीत; औषध कुणाला आणि किती, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासूनच ठरवायचं.

प्रश्न (वय ४६): वजन ९४ किलो, उंची १७० सेंटिमीटर, बैठं काम. वर्षभरापासून संबंधाच्या वेळी ताठरता पुरेशी येत नाही, आली तर टिकत नाही. इच्छा आहे. बायको समजून घेते, पण आता मीच टाळायला लागलोय. दोन वर्षांपूर्वी शुगर बॉर्डरवर निघाली होती, पुन्हा तपासलेली नाही. औषध नको आहे. आहारात काय वाढवू?

उत्तर: वाढवायचं काय ते बघू, पण आधी ती शुगर. याच आठवड्यात तपासून घ्या: उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब. कारण सांगते.

ताठरता हा मुख्यतः रक्ताचा कारभार आहे. इच्छा झाली की लिंगातले मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्याने तिथले स्नायू सैलावतात, रक्त आत येतं, आणि भरलेल्या भागाच्या दाबामुळे रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा मिटतात. शरीरातलं या वायूचं काम उलगडणाऱ्या तिघांना १९९८ साली नोबेल मिळालं. सिल्डेनाफिल, म्हणजे ती प्रसिद्ध निळी गोळी, त्याच वर्षी बाजारात आली. गोळी हा वायू तयार करत नाही; त्याने सुरू केलेलं काम लवकर आटोपू देत नाही, इतकंच. त्यामुळे अस्तर फारच खराब झालं असेल तर गोळीचाही प्रभाव कमी पडतो. आणि साखर, बीपी, तंबाखू, कोलेस्टेरॉल, पोटावरची चरबी या सगळ्यांचा मारा नेमका त्या अस्तरावर असतो.

दुसरी गोष्ट मापाची. लिंगाच्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४. बारीक नळी आधी तुंबते, जाड नंतर, तसा हा प्रकार. म्हणून ताठरतेची तक्रार बऱ्याचदा छातीत दुखू लागण्याच्या दोन-तीन वर्षं आधी, कधी त्याहूनही आधी सुरू झालेली असते. तुमच्या बाबतीत तसंच आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण तुम्ही माझ्यासमोर बसला असतात तर हृदयाची चौकशी केल्याशिवाय मी तुम्हाला उठू दिलं नसतं.

आता टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. पँटचा नंबर सांगू नका. पोट सुटलं की पट्टा पोटाखाली बांधला जातो आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असावा. तुमच्यासाठी ८५ सेंटिमीटर. आज तो बराच जास्त निघेल, पण महिन्या-महिन्याला उतरत गेला तर वजनकाट्यापेक्षा मला त्याचा आनंद जास्त होईल.

याचा उपयोग होतो का? इटलीतला २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो. ३५ ते ५५ वयाचे, लठ्ठ, मधुमेह नसलेले, पण ताठरतेची तक्रार असलेले ११० पुरुष. निम्म्यांना आहार आणि व्यायाम नीट आखून दिला, दोन वर्षं पाठपुरावा केला. निम्म्यांना नुसतीच सर्वसाधारण माहिती दिली. पहिल्या गटातल्या लोकांची हालचाल आठवड्याला ४८ मिनिटांवरून १९५ मिनिटांवर गेली. दोन वर्षांनी त्या ५५ जणांपैकी १७ जणांची तक्रार गेली. दुसऱ्या गटात ३ जणांची. म्हणजे नुसत्या जीवनशैलीने साधारण तिघांतल्या एकाचं पूर्ण भागलं. बाकीच्यांचं तेवढ्यावर पूर्ण भागलं नाही, हेही तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं.

तुमचं गणित असं. आठवड्यातून चार दिवस ४० मिनिटं भरभर चालायचं. किती भरभर? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतकं. अशा १६० मिनिटांचा फरक दिसायला सहा महिने धरा. पंधरा दिवसांत काही होत नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ भेटतात. ताटाचा निम्मा भाग भाज्यांचा, डाळी-कडधान्यं रोज, कोंड्यासकट धान्य, मूठभर सुका मेवा, खात असाल तर मासे. गोड पेयं बंद. ती कमी करून चालत नाहीत, हळूहळू परत येतात.

आणि ‘औषध नको’ हा हट्ट थोडा बाजूला ठेवा. तपासण्या करून डॉक्टरांनी गोळी दिली तर चालण्याबरोबर ती घ्यायला काहीच हरकत नाही. संबंध टाळायची सवय लागली की ती मोडणं पोट उतरवण्यापेक्षा अवघड जातं.

प्रश्न (वय २९): लग्नाला चार महिने झाले. रोज व्यायाम, साधं खाणं, कसलं व्यसन नाही. तरी ऐन वेळी सगळं ढिलं पडतं. सकाळी उठताना मात्र ताठरता असते. कुठल्या जीवनसत्त्वाची कमी असेल?

उत्तर: जीवनसत्त्वाची नाही. निरोगी पुरुषाला रात्रीत तीन ते पाच वेळा, स्वप्नांच्या झोपेत, आपोआप ताठरता येते. सकाळची ती त्यातलीच शेवटची. ती नीट येते याचा अर्थ नसा, रक्तवाहिन्या आणि संप्रेरकं बहुधा आपापलं काम करताहेत. बिघडतं ते जागेपणी, ‘आज जमेल ना?’ हा विचार आला की. भीतीने ॲड्रेनलिन वाढतं, आणि ज्या वाहिन्या सैलावायला हव्यात त्याच ते आवळतं. मग एकदा फसलं की पुढच्या वेळी धास्ती दुप्पट.

तीन-चार आठवडे दोघांनी मिळून ठरवा की संबंध करायचाच नाही. जवळ यायचं, स्पर्श करायचा, गप्पा मारायच्या, आणि तिथेच थांबायचं. हे तिला न सांगता एकट्याने ठरवलंत तर तिला ते तुटकपणाचं वाटेल, तेव्हा आधी बोला. एवढ्याने सुधारलं नाही तर लैंगिक समुपदेशकाकडे जोडीने जा. व्यायाम चालू ठेवा, पण ‘यासाठी’ म्हणून करू नका. तुम्हाला आणखी एक परीक्षा नको आहे.

प्रश्न (वय २२): ताई, जिममध्ये ट्रेनरने इंजेक्शनचा कोर्स दिला, बारा आठवड्यांचा. अंगात जोर आला, मनात सारखे तेच विचार यायचे. कोर्स संपून दोन महिने झाले. आता इच्छाच होत नाही आणि अंडकोष लहान झाल्यासारखे वाटतात. ट्रेनर म्हणतो, दुसरा कोर्स घे, ठीक होईल. रात्री बाराला झोपतो, साडेचारला जिमसाठी उठतो. वजन ६८.

उत्तर: तुझं वय वाचून ‘तू’ म्हणते, चालेल ना? दुसरा कोर्स घ्यायचा नाही. हे सगळ्यात आधी.

झालं ते असं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं पाठवून अंडकोषांना सांगते की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बनवा, शुक्रजंतू बनवा. अशा इंजेक्शनांतून बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, माल मुबलक आहे, आणि तो हा निरोप पाठवणं थांबवतो. काम नाही म्हणून अंडकोष आकसतात. शुक्रजंतूंची संख्या अगदी शून्यावरही जाते. कोर्स चालू असताना हे कळत नाही, कारण बाहेरचा माल अंगात असतो. उलट इच्छा वाढल्यासारखी वाटते. कोर्स संपला की बाहेरचं बंद, आतलंही बंद. तू आत्ता त्या मधल्या खड्ड्यात आहेस. बहुतेकांचा कारखाना परत चालू होतो, पण त्याला काही महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं, आणि थोड्यांचा पूर्वीसारखा होतच नाही. दुसरा कोर्स घेतलास तर काही दिवस बरं वाटेल आणि खड्डा आणखी खोल होईल. ट्रेनरला हे माहीत नसेल तर त्याने इंजेक्शन हातात धरू नये, आणि माहीत असेल तर मग काय बोलायचं!

अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जा. घेतलेल्या औषधाचं नाव, डोस, तारखा, सगळं खरं सांग. कुपी शिल्लक असेल तर घेऊन जा. सकाळी टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, रक्ताची घट्टता, यकृत, कोलेस्टेरॉल तपासतील. वीर्यतपासणी कदाचित नंतर. छातीत गाठीसारखं लागत असेल तर तेही सांग. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, होतो, त्याचा तो परिणाम असू शकतो. सुई कुणाबरोबर वाटून घेतली असशील तर कावीळ बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्याही करून घे. लाजू नकोस.

आता ते साडेचारचं. शिकागोतल्या संशोधकांनी दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. २०११ सालची गोष्ट. तू पाच तासही झोपत नाहीस. स्नायू जिममध्ये वाढत नाहीत, नंतरच्या विश्रांतीत वाढतात. साडेसात तास झोप आणि जिमला संध्याकाळी जा. प्रथिनं किलोमागे दीड ग्रॅमच्या थोडी वर, म्हणजे तुला दिवसाला सुमारे ११० ग्रॅम, पुरतात. खाण्यातून जमत नसेल तर साधी प्रथिन पावडर चालेल, पण त्या ट्रेनरकडून घेतलेली नको.

प्रश्न (अनेक पत्रं): लसूण, बीट, डाळिंब, अंडी, बदाम यांतलं कशाने ‘ताकद’ वाढते? सोयाबीनने पुरुषत्व कमी होतं का? जाहिरातीतल्या वनौषधी पावडरी घ्याव्यात का?

उत्तर: बीट आणि हिरव्या पालेभाज्यांत नायट्रेट असतं, त्यातून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं आणि रक्तदाब थोडा उतरतो. इतपत खरं आहे. म्हणून रात्री बीट खाल्लं आणि काम झालं, असं होत नाही. डाळिंब, अंडी, बदाम चांगलंच अन्न आहे, खा. लसणाने त्या रात्री काही वाढत असेल तर तो तोंडाचा वास. सोयाबीनबद्दलची भीती सोडा: अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलं तरी नेहमीच्या प्रमाणातल्या सोयाने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटलेलं दिसत नाही. झिंकची गोळी झिंक कमी असेल तरच.

पावडरींबद्दल मात्र थोडं थांबते. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिलेल्या अशा उत्पादनांत सिल्डेनाफिल किंवा त्याची भावंडं, लेबलवर काहीही न लिहिता, मिसळलेली सापडतात. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन अशा उत्पादनांबद्दल वर्षानुवर्षं इशारे देत आलंय. तेव्हा एखादी पावडर तासाभरात ‘गुण देते’ असं कुणी सांगितलं तर मला कौतुक वाटत नाही, संशय येतो. मूळ, पान, बी, साल यांना तासाभरात हे जमत नाही. हृदयविकाराची औषधं चालू असलेल्याने अशी पावडर घेतली तर जिवाशी गाठ आहे. त्याबद्दल शेवटच्या उत्तरात लिहिलंय.

दारूबद्दल दोघांनी विचारलंय. थोडीशी घेतली की संकोच जातो, जास्त घेतली की ताठरता जाते, आणि रोज घेतली की टेस्टोस्टेरॉनही जातं.

प्रश्न (पत्नीचं पत्र, पतीचं वय ३८): यांनी चौदा महिन्यांत वजन ८४ वरून ६१ केलं. आठवड्यातले सहा दिवस धावतात, दिवसातून एकदाच जेवतात. सगळे कौतुक करतात. पण पाच-सहा महिन्यांपासून माझ्या जवळ येणंच बंद झालंय. विचारलं तर ‘थकलोय’. मनात नको ते विचार येतात. व्यायामाने उलट वाढायला नको का?

उत्तर: वाढतं, एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा ते ओलांडून गेलेले दिसतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने उपासमारीच्या प्रयोगात भाग घेतला. युद्धानंतर भुकेल्या लोकांना परत कसं खाऊ घालायचं हे शिकण्यासाठी तो होता. चोवीस आठवडे अर्धपोटी आणि रोजचं चालणं. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. तरण्याबांड पोरांची कामेच्छा अक्षरशः नाहीशी झाली. सारखे विचार यायचे ते जेवणाचे. खाणं सुरू केल्यावरही इच्छा परतायला वेळ लागला. खर्चाच्या मानाने जमा कमी पडली की मेंदू आधी जगण्याचं बघतो; टेस्टोस्टेरॉन बनवायचा निरोप मंदावतो.

त्यांना विचारा: पूर्वीसारखी सकाळची ताठरता येते का, थंडी जास्त वाजते का, झोप तुटते का, पायाची दुखणी बरी व्हायला वेळ लागतो का, चिडचिड वाढली आहे का. उत्तरं ‘हो’ कडे झुकली, आणि ताठरतेचं ‘नाही’ आलं, तर डॉक्टरांकडे न्या. टेस्टोस्टेरॉनचा नमुना सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचा, आणि कमी आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा. एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनही पाहून घ्यावं. धावण्याचे दिवस चारवर आणा, जेवणं तीन करा, पिष्टमय पदार्थांना शत्रू मानणं थांबवा. दोन-तीन किलो वाढतील. वाढू द्या.

‘नको ते विचार’ खरे की खोटे, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण तुम्ही जो क्रम लिहिलाय, म्हणजे आधी वजन, मग थकवा, मग इच्छा, तो शरीराच्या कारणाशी चांगला जुळतो. ‘तुम्हाला मी आवडत नाही का’ असं विचारून सुरुवात करू नका. ‘तुम्ही दमलेले दिसता, एकदा तपासून येऊ’ म्हणा. कौतुकाची सवय झालेल्या माणसाला आपण काही चुकीचं करतोय हे ऐकवत नाही.

प्रश्न (वय ३३): मूल हवंय. वीर्यतपासणीत शुक्रजंतू ९ दशलक्ष आले. खाण्याने वाढतील का? किती दिवसांत? मित्र टेस्टोस्टेरॉन घे म्हणतो.

उत्तर: मित्राचं ऐकू नका. बावीस वर्षांच्या मुलाला वर जे उत्तर दिलंय ते वाचा. मूल हवं असताना बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेणं म्हणजे उरलेसुरले शुक्रजंतूही घालवणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत मिलिलिटरला १६ दशलक्ष ही खालची मर्यादा धरलीय. ती मूल झालेल्या पुरुषांच्या आकड्यांवरून काढलेली आहे. त्याखाली असलेल्यांनाही मूल होतं. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस आणि पुढच्या प्रवासाला काही दिवस, म्हणजे तीन महिने धरा. मागच्या दोन-तीन महिन्यांत कडक ताप येऊन गेला असेल तर तो आजच्या रिपोर्टात उतरलेला असू शकतो. म्हणून पुन्हा तपासणी, आणि आज केलेल्या बदलाचं फळ तीन महिन्यांनी.

अंडकोषांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं. लॅपटॉप टेबलावर ठेवा, गरम पाण्याच्या टबात बसणं बंद. सिगारेट बंद. वजन जास्त असेल तर कमी करा. सुक्या मेव्यावर एक चांगली चाचणी २०१८ मध्ये झाली: रोज ६० ग्रॅम बदाम, अक्रोड आणि हेझलनट, चौदा आठवडे, संख्या आणि हालचाल दोन्ही सुधारली. मात्र ते निरोगी तरुण होते आणि त्यामुळे मूल होण्याची शक्यता वाढते का, हे त्यात तपासलेलं नव्हतं. उलट झिंक आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,३७० जोडप्यांच्या मोठ्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. पोट बिघडण्याच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या. या गोळ्या आजही सर्रास लिहून दिल्या जातात. अंडकोषाभोवतीच्या शिरा फुगल्या आहेत का, हे तज्ज्ञाकडून हाताने तपासून घ्या, आणि बायकोच्या तपासण्या तुमचं सगळं झाल्यावर नव्हे, आत्ताच सुरू करा.

प्रश्न (वय ४१): लांब पल्ल्याची सायकल चालवतो. नंतर खाली बधिरपणा येतो. सायकलने नपुंसकत्व येतं का?

उत्तर: सायकलने सरसकट येत नाही. बधिरपणा मात्र दुर्लक्ष करायची गोष्ट नाही. सीटचं टोक गुदद्वार आणि अंडकोष यांच्या मधल्या जागेतल्या नसा आणि धमन्या दाबतंय असा त्याचा अर्थ. सीट रुंद किंवा टोक नसलेली घ्या, टोक वर आलेलं नको, हँडल थोडं उंच करा, दर काही मिनिटांनी पेडलवर उभे राहा. तरीही बधिरपणा येत असेल तर काही आठवडे सायकलऐवजी पोहायला जा.

प्रश्न (वय ५८): दोन्ही गुडघे गेलेत, चालणं होत नाही. ताठरता टिकत नाही, लघवीनंतर थेंब गळतात. बसून करण्यासारखं काही?

उत्तर: आहे, आणि तुमच्या दोन्ही तक्रारींसाठी एकच. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. हे व्यायाम कीगल या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी मांडले, म्हणून पुरुष त्यांना बायकी समजतात. पण लिंगाच्या मुळाशी असलेले स्नायू आवळले की आत भरलेलं रक्त धरून ठेवायला मदत होते. ब्रिटनमधल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ५५ पुरुषांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी ४० टक्क्यांची तक्रार गेली, आणखी एक तृतीयांश लोकांची सुधारली.

खुर्चीत पाय थोडे फाकवून बसा. वारा सरतोय आणि तो अडवायचाय, शिवाय लिंग आत ओढून घ्यायचंय, असं एकदमच करा. लिंगाचं मूळ किंचित आत सरकलं आणि अंडकोष वर उचलले गेले तर बरोबर जमलं. पोट, मांड्या, कुल्ले घट्ट झाले किंवा श्वास रोखला तर चुकतंय. पाच सेकंद धरा, तितकाच वेळ पूर्ण सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमलं की धरायचा वेळ दहा सेकंदांपर्यंत न्या. लघवी संपल्यावर एकदा जोरात आवळलंत तर ते थेंबही तिथल्या तिथे निघून जातील. लघवी मध्येच अडवून सराव करू नका. तीन महिन्यांच्या आत हिशोब मागू नका, आणि जमतंय की नाही कळत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. शुगर आणि प्रोस्टेट तपासलंय का, ते पत्रात नाही.

प्रश्न (वय ६४): आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. रोज चालतो, खाणं सांभाळतो. बायकोला भीती वाटते. संबंध ठेवला तर चालेल का? गोळी घेतली तर?

उत्तर: दोन मजले न थांबता, नेहमीच्या वेगाने चढून जाता, आणि छातीत दुखत नाही, धाप फार लागत नाही? मग संबंधाचा ताण तुमचं हृदय बहुधा सहज पेलेल. तो तेवढ्याच श्रमाचा असतो. ट्रेडमिल चाचणी झाली असेल तर तो रिपोर्ट दाखवून हृदयविकार तज्ज्ञांना सरळ विचारा. बायकोला बरोबर न्या, तिने स्वतःच्या कानांनी ऐकू दे. भरपेट जेवणानंतर नको, दारूनंतर नको. बीपीच्या एखाद्या गोळीने ताठरता कमी झाल्याची शंका असेल तर ती स्वतःहून बंद करायची नाही; पर्याय असतात, ते मागा.

गोळीबद्दल एक नियम पक्का: छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, फवारा, किंवा नायट्रेटचं कुठलंही रोजचं औषध चालू असेल, तर सिल्डेनाफिल, टाडालाफिल आणि त्या जातीची औषधं पूर्ण वर्ज्य. दोन्ही मिळून रक्तदाब इतका कोसळतो की माणूस जाऊ शकतो. नायट्रेट चालू नसेल तर तज्ज्ञ तपासून देऊ शकतात. आणि ती घेतल्यावर कधी छातीत दुखलंच, तर थांबा, रुग्णवाहिका बोलवा, आणि येईल त्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की कुठली गोळी किती वाजता घेतली. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. तुम्ही गोळी कधी घेता हे बायकोलाही माहीत असू द्या. त्या वेळी ते सांगायची पाळी तिच्यावर येऊ शकते.